बाहेरचं पोर

नायजेरियातल्या लागोस शहरात, इकेजा भागातल्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या निघायच्या. साचा उघडला की गरम बादली हातात घ्यायची, काठावरची जास्तीची पट्टी सुरीने खरवडून काढायची, कडी अडकवायची आणि वीस-वीसच्या थप्प्या लावायच्या. २००९ साली मेंटेनन्सच्या कामावर मी लागोसला गेलो, तेव्हा पहिले काही आठवडे मला रात्रपाळीच होती. थप्प्या लावणारी पोरं मोठ्याने मोजायची, योरुबात, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत. मशीनच्या धडधडाटातही ती मोजणी ऐकू यायची. चौदापर्यंतचे आकडे एका वळणाने जायचे आणि पंधरा आला की वळण बदलायचं. तिथून पुढे प्रत्येक आकड्याच्या शेवटी एकच शब्द कानावर यायचा, ओगुन. शेवटी नुसतंच ‘ओगुन’, आणि थप्पी बाजूला.

एका रात्री चार नंबरच्या मशीनवरच्या पोराला मी विचारलं. त्याने बोटांवर फोड करून दाखवली. ओगुन म्हणजे वीस. एकोणीसला ते म्हणतात ऑकांदिनलोगुन. ऑकान म्हणजे एक, दिन म्हणजे कमी, आणि शेवटी वीस. विसाला एक कमी. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आपला एकोणीस अगदी असाच बनलाय, एक ऊन वीस. आपण एकच कमी करून थांबतो, ते पाचापर्यंत जातात. पंधरा म्हणजे विसाला पाच कमी, सोळा म्हणजे चार कमी. पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी, आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासाला पाच कमी. हे सगळं ते पोर हातातली बादली न थांबवता करत होतं. मी त्याला कागदावर ‘एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस’ लिहून वाचून दाखवलं, तसा तो इतका खूश झाला की शेजारच्या मशीनवरच्या दोघांना बोलावून आणलं.

आमची ओळख झाली ती अशी. त्या पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये एकच अल्बम दिवसरात्र वाजत असायचा.

अल्बमचं नाव ‘सी.ई.ओ.’. आपल्याला वाटतो तो सीईओ नव्हे; पूर्ण नाव ‘चीफ एक्झिक्युटिव्ह ओमोता’. रॅपर डाग्रिन, खरं नाव ओलादापो ओलाइतान ओलाओनिपेकुन. ‘ओमोता’ हा शब्द कळायला मला बराच वेळ लागला. ऑमॉ म्हणजे मूल, इता म्हणजे घराबाहेरची जागा, अंगण म्हणा, रस्ता म्हणा. दोन्ही मिळून ऑमॉता. बाहेरचं पोर, रस्त्यावर वाढलेलं. भल्या घरात ही शिवी आहे. ‘ऑमॉतांच्या नादाला लागू नकोस’ असं आया पोरांना बजावतात. ती शिवी उचलून या माणसाने काचेच्या केबिनमधल्या साहेबाच्या पदाला जोडली आणि अल्बमच्या कपाळावर लावली. नायजेरियात सरकारी कारभार इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, बँकेतला फॉर्म इंग्रजीत. देशात पाचशेहून जास्त भाषा, आणि खुर्चीची भाषा मात्र एक. अशा देशात त्या तीन इंग्रजी अक्षरांतलं शेवटचं अक्षर योरुबाने बळकावणं काय असतं, हे मला चार नंबरच्या मशीनपाशी उभं राहून कळलं.

तोपर्यंत लागोसमध्ये रॅप नव्हता असं नाही. वर्षानुवर्षं होता, पण बराचसा इंग्रजीत, आणि पुष्कळदा अमेरिकेतून उसना आणलेल्या उच्चारांत. योरुबात रॅप करणारा डाग्रिन पहिलाही नव्हे. त्याच्या आधी लॉर्ड ऑफ अजासा होता, आणि त्याला वाट पाडणाऱ्याचा मान दिलाच पाहिजे. २००८ मध्ये नाइसच्या ‘गोंगो आसो’ने योरुबा म्हणी पार श्रीमंतांच्या पार्ट्यांपर्यंत नेल्या होत्या, नाइस रॅपर नव्हे, गायक. स्वतः डाग्रिनचा २००६ मधला पहिला अल्बम ‘स्टिल ऑन द मॅटर’ फारसा कुठे पोचला नव्हता. मग २००९ मध्ये ‘सी.ई.ओ.’ आला, बहुतेक संगीत सॉसिक या निर्मात्याचं, आणि रस्ता भरून गेला. ‘पोन पोन पोन’ हे त्यातलं गाणं मी कुठे ऐकलं नाही असं ठिकाण सांगता येणार नाही. पिवळ्या दानफो बसमध्ये, केस कापायच्या दुकानात, जनरेटरच्या घरघरीवर आवाज चढवून सीडी विकणाऱ्याच्या टपरीवर. ट्रॅफिक तुंबला की पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्यांबरोबर सीडी विकणारी पोरंही गाड्यांमधून पळायची. मी माझी सीडी तशीच, चालत्या गाडीच्या खिडकीतून घेतली. कागदी पाकीट, त्यावर फिकट छपाई. अस्सल होती की आलाबाच्या बाजारातली नक्कल, देव जाणे.

आता ‘मला ती भाषा येत नव्हती, तरी गाणी भावली’ असं लिहून पुढे जाता येईल, पण ते खरं नाही. सुरुवातीला मला ती गाणी भावली नाहीत. खरखरीत आवाज, भराभर बोलणं, मध्येच पिजिनचे, म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या मिश्र इंग्रजीचे, दोन शब्द ओळखीचे लागायचे आणि पुन्हा सगळं निसटायचं. मला ऐकायला शिकवलं आमच्या ड्रायव्हरने.

कारखान्यात सगळे त्यांना बाबा म्हणत. हा शब्द योरुबातही हाच, अर्थही हाच, वडील, वडीलधारा. साठीला टेकलेले, पांढरी टोपी, शुक्रवारी नमाजाला जाण्यासाठी अर्धा तास मागून घेणारे. योरुबा माणसांत मुसलमान आणि ख्रिस्ती पुष्कळदा एकाच घरात नांदतात. बाबांचीच धाकटी बहीण चर्चमध्ये गायची. बाबांचं दैवत सिकिरू आयिंदे बॅरिस्टर. रमजानमध्ये पहाटे सहरीसाठी लोकांना उठवत फिरणाऱ्या पोरांच्या गाण्यांतून ज्या माणसाने साठच्या दशकात फुजी नावाचं संगीत उभं केलं, तो हा. ढोलांचा ताफा आणि त्यावर चढत जाणारा एक गळा. बाबांच्या गाडीत बॅरिस्टरच्या कॅसेट होत्या, आणि डाग्रिनला त्या गाडीत मज्जाव होता.

“हा पोरगा सगळ्यांना एकेरीत बोलतो,” ही बाबांची पहिली तक्रार. ती मला लगेच कळली, कारण योरुबात आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे. बरोबरीच्याला ‘ओ’, मोठ्यांना ‘ॲ’, जे मुळात अनेकवचन आहे. पिजिनमध्ये तक्रार ऐकतानाही मी ती मनात मराठीतच ऐकत होतो.

आणि मग ओशोदीजवळच्या एका संध्याकाळी, गाडी तासभर जागची हलत नसताना, बाबांनी मला ‘ऑको’ शिकवला. लिहायला एकच शब्द. त्यांनी स्टिअरिंगवर दोन बोटांनी ठेका धरला. पहिलं अक्षर मधल्या सुरात, दुसरंही मधल्या सुरात, म्हणजे नवरा. दुसरं अक्षर वर गेलं, म्हणजे कुदळ. दुसरं खाली उतरलं, म्हणजे गाडी. दोन्ही खाली, म्हणजे भाला. त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर थाप मारली आणि खाली उतरणारा ‘ऑको’ म्हटला. मी म्हटला. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हटला. चौथ्या की पाचव्या वेळी ते म्हणाले, आता तो रस्त्यावर चालेल.

त्यानंतर त्यांनी दुनदुनचं सांगितलं. दुनदुन म्हणजे वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा, काखेत धरून वाजवायचा ढोल. दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या दोऱ्या काखेत दाबल्या की सूर वर जातो, सोडल्या की खाली येतो. योरुबात सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून हा ढोल बोलू शकतो. तो व्यंजनं टाकून देतो, स्वर टाकून देतो, उरलेला नुसता चढउतार वाजवतो, आणि ऐकणारा त्यातून वाक्य ओळखतो. एकट्या शब्दाचे चार अर्थ निघतील, म्हणून ढोलकरी अख्खं वाक्य वाजवतो, एखादी म्हण, एखाद्या घराण्याची ओरिकी, म्हणजे बिरुदावली. लग्नात ढोलकरी पाहुण्यापुढे उभा राहून त्याच्या आजोबा-पणजोबांची नावं वाजवतो आणि पाहुणा त्याच्या कपाळाला नोट चिकटवतो.

त्या रात्री खोलीवर जाऊन मी ‘सी.ई.ओ.’ पुन्हा लावला, शब्द सोडून दिले आणि नुसता चढउतार ऐकला. मग ते उलगडायला लागलं. इंग्रजी रॅपमध्ये ताल शब्दांच्या आघातावर उभा राहतो. इथे प्रत्येक अक्षराला आधीच एक सूर बांधलेला आहे, रॅपरच्या मर्जीचा नव्हे, भाषेचा. तो सूर मोडला तर नवऱ्याची कुदळ होईल. म्हणजे हा माणूस भराभर बोलत असला तरी बोलता बोलता एक चाल वाजवतो आहे, आणि ती चाल त्याने रचलेली नाही, त्याच्या आज्यांनी त्याला दिलेली आहे. त्याच्या हातात आहे ते शब्दांची निवड. वर-वर-खाली अशा शब्दांची एक ओळ, लगेच तशाच चढउताराची पण वेगळ्या अर्थाची दुसरी. आमच्या मशीनवरची पोरं ज्या जागी हसायची किंवा एकमेकांच्या पाठीवर थाप मारायची, त्या बहुतेक अशाच जागा असायच्या.

यमकाचं तर योरुबात फार कौतुक नाही, असं मला वाटतं. प्रत्येक शब्द स्वरात नाहीतर नाकातल्या स्वरात संपतो, जोडाक्षरं नाहीत, मूळ स्वर सातच. यमक रस्त्यात पडलेलं सापडतं. त्यामुळे कसब सगळं कोटीत, सुरांच्या जोडणीत आणि म्हण कुठे वाकवली त्यात. छापील योरुबात हे सूर पुष्कळदा दाखवलेलेच नसतात. अक्षरांच्या खालचे टिंब आणि डोक्यावरच्या खुणा गाळून लोक सर्रास लिहितात, वाचणारा आपल्या कानातून भर घालतो. पाकिटावरची गाण्यांची नावं मी कितीही वेळा वाचली तरी मुकीच राहिली. ती आवाजातच जिवंत होती.

एकदा मी बाबांना एका ओळीचा अर्थ विचारला. कारखान्यातली सगळी पोरं त्या ओळीपाशी थांबून मागे जायची. त्या दिवशी चार नंबरवरचा पोरगा गाडीत मागे बसला होता, बाजारातून बेअरिंग आणायला निघालो होतो, आणि त्याच्या मोबाईलवर हळू आवाजात तेच चालू होतं. ओळ आली, पोरगा हसला, आणि मला आरशात दिसलं, बाबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. मी लगेच पकडलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “तिथे एक जुनी म्हण आहे. माझी आजी म्हणायची. ह्याने ती उलटी धरली आहे.” मग सांगा की, म्हटलं. “इंग्रजीत आणेपर्यंत ती थंड होईल,” म्हणाले आणि गिअर टाकला. योरुबात म्हणीला शब्दांचा घोडा म्हणतात. शब्द हरवला की म्हणीवर बसून त्याला शोधायला निघायचं. त्या दिवसापासून डाग्रिन हळू आवाजात गाडीत वाजू लागला.

चार नंबरवरच्या पोराने एकदा मला त्याच्या शाळेचं सांगितलं. वर्गात योरुबा बोललं की दंड भरावा लागायचा. योरुबाला तिथे योरुबासुद्धा म्हणत नसत, ‘व्हर्नॅक्युलर’ म्हणत, जसं काही ती एखादी खोड आहे. अशा शाळा तिकडे पुष्कळ. याच्या उलट पुरावा त्यांच्याच देशात केव्हाचा आहे. १९७० मध्ये इले-इफेला बाबातुंदे फाफुन्वा यांनी प्राथमिक शाळेची सहाही वर्षं योरुबातून शिकवण्याचा प्रयोग सुरू केला, इंग्रजी फक्त एक विषय म्हणून. ती मुलं मागे पडली नाहीत. इंग्रजीतसुद्धा पुढे निघाली. पण दंड घेणारी शाळा दंड घेतच राहते. तो पोरगा म्हणाला, “डाग्रिन बोलतो ती माझी दंडाची भाषा आहे.” तो हे रागाने म्हणाला नाही. बादलीची कडी अडकवता अडकवता म्हणाला.

माझ्याकडे दंडाची पावती नव्हती, पण मला आठवलं. मी इचलकरंजीचा. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत माझ्या तोंडातलं ‘लई’ गेलं, ‘न्हाई’ गेलं, ‘काय कराल्यास’ गेलं. कुणी बळजबरी केली नव्हती. मीच एकेक शब्द काढून ठेवत गेलो, आणि त्यांच्याबरोबर बोलण्यातला आमचा हेलही. लागोसला रात्रपाळीनंतर आईला फोन लावायचो तेव्हाही मी पुण्याचंच बोलायचो. त्या वर्षी कधीतरी, डाग्रिन ऐकून आलेल्या एका पहाटे, फोनवर मी म्हटलं, “आई, जेवलीस न्हवं?” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती तासभर बोलली. मालकाच्या मागावरचं, शेजारच्या वहिनीचं, म्हशीचं. इतकं ती माझ्याशी कितीतरी वर्षांत बोलली नव्हती.

सगळा अल्बम मला सारखा आवडतो असं नाही. पार्टीसाठी केलेल्या जागा आहेत, तिथे मी पुढे जातो. डाग्रिन मला सगळ्यात खरा वाटतो तो ‘थँक गॉड’मध्ये, जिथे गायिका ओमावुमीचा भरदार गळा त्याच्या खरखरीत बोलण्याला सावली देतो. त्यात आभार आहेत आणि थकवाही आहे. आणि तो शुद्ध योरुबाही बोलत नाही. वाक्य योरुबात सुरू होतं, पिजिनमध्ये वळतं, एखादा इंग्रजी शब्द दगडासारखा मध्ये ठेवून पुन्हा घरी येतं. दानफोचा कंडक्टर तसंच बोलतो, भाजीवाली तसंच बोलते. रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरताना त्याने पायातल्या चपला बाहेर काढून ठेवल्या नाहीत, हे मला त्याच्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

त्याच्यामागून दार उघडंच राहिलं. २०११ मध्ये ओलामिदेचा ‘रॅप्सोडी’, २०१३ मध्ये रेमिनिसचा ‘अलागा इबिले’, दोघेही योरुबातच. ऑगस्ट २०२३ मध्ये असाके लंडनच्या ओटू अरीनात उभा राहिला, तेव्हा तिथेही गाणी योरुबात होती, आणि त्यांत फुजीचा गळा ओळखू येत होता. पण हे सगळं नंतरचं.

१४ एप्रिल २०१० ला मुशिनमध्ये डाग्रिनची गाडी रस्त्याकडेला उभ्या ट्रकवर आदळली. २२ एप्रिलला हॉस्पिटलमध्येच त्याने प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मोजणी ऐकू आली नाही. पोरं बादल्या लावत होती, पण मनातल्या मनात मोजत होती, आणि चुकत होती. सतरा-अठराच्या थप्प्या पॅकिंगला गेल्या आणि परत आल्या. मी कुणाला काही बोललो नाही. त्याच वर्षीच्या हिप हॉप वर्ल्ड अवॉर्ड्समध्ये ‘सी.ई.ओ.’ला रॅप अल्बमचं पारितोषिक मिळालं.

याबाच्या अटान दफनभूमीत त्याला ठेवणार होते त्या दिवशी चार नंबरवरच्या पोराने सुट्टी मागितली. सुपरवायझरने दिली, पण जायला वाहन नव्हतं. बाबा माझ्याकडे आले. त्या भागात बँकेचं एक काम होतं, ते दुसऱ्या दिवशी केलं तरी चाललं असतं. “आजच करून येतो,” म्हणाले. पोराला पुढच्या सीटवर बसवलं, जिथे एरवी मी बसायचो. संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा गाडीची एक बाजू हातांच्या पंजांनी मळलेली होती, इतकी गर्दी होती. बाबांनी ती लगेच पुसली नाही.

१६ डिसेंबर २०१० ला लंडनमध्ये सिकिरू आयिंदे बॅरिस्टर गेले. बाबा दोन दिवस कामावर आले, गाडी चालवली, कॅसेट लावली नाही. दफनासाठी बॅरिस्टरना इसोलोला त्यांच्या घरी आणणार हे कळल्यावर त्यांनी अर्धा दिवस मागितला. गाडी त्या दिवशी साहेबांकडे होती. दुपारी गेटवर सही करताना मी पाहिलं, रजिस्टरमध्ये बाबांच्या खाली चार नंबरवरच्या पोराचंही नाव होतं. मी त्याला विचारलं, तू कशाला, तू तर फुजी ऐकत नाहीस. तो म्हणाला, “ते एकटे जातील ना.”

बाबा पांढऱ्या कपड्यांत बाहेर आले. पोरगा त्यांच्यापुढे वाकला, एका हाताची बोटं जमिनीला टेकवली आणि ‘ॲ’ लावून काहीतरी म्हणाला, जे मला पूर्ण कळलं नाही. रस्त्यावर त्याने एक ओकादा थांबवली. पुढे मोटरसायकलवाला, मध्ये बाबा, मागे हा पोरगा, बाबांची टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून एका हाताने ती त्यांच्या डोक्यावर दाबून धरलेली.